पैजेचा धवला

"तूच केलंस," वाल्मिकभाऊ म्हणाले. "भिसेगावात बाकी कोनाचं डोकं असल्या कामात चालत नाय."

असं कुणी म्हटलं की एरवी मला बरंच वाटतं. पण या खेपेला मी खरोखर काही केलेलं नव्हतं, आणि नेमकं तेच कुणाला पटेना. भाऊंच्या बाहेरच्या खोलीत त्यांचा जुना कॉम्प्युटर चालू होता. पडदा काळा, वर कोपऱ्यात इंग्रजीची एक पांढरी ओळ, आणि खालच्या डब्यातून आवाज. टक. टक. टक. थांबायचा, दम खायचा, परत टक.

"शनवारी तू पेनड्राइव लावून गेलास, सोमवारी हे असं. मधी दुसरं कोन आलं, सांग."

"भाऊ, मी मेव्हन्याच्या पोराच्या बारशाचे फोटो मोठे करून बघायला आलो होतो."

"मागं पडदा उलटा केलास तवापन तू क्रिकेटचा स्कोर बघायलाच आला होतास."

ती खोडी माझीच होती. तेव्हा भाऊंनी अख्खा मॉनिटर डोक्यावर उभा करून, दोन उशांच्या मध्ये धरून वापरला होता. मी त्यांना बटणं सांगायला गेलो तर म्हणाले, हात लावू नको, आता बरोबर दिसतंय.

शेजारच्या विमलबाई दारात वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भांडता कशाला रं? पैज लावा. नवशाचा हात निघाला तर नवशा हरला. नाय निघाला तर भाऊ हरले. जो हरंल त्यानं अपेक्षाच्या हलदीला बायकांच्यात बसायचं, माजं लुगडं डोक्यावर घेऊन, आनि धवला बोलायचा. अख्ख्या मांडवासमोर."

मी हसून हसून वाकडा झालो. आमच्याकडे लग्नात धवला म्हणायचा तो बायकांनी. हळद लागते, तेल उतरतं, नवरी निघते, प्रत्येकाचं वेगळं गाणं, आणि ते म्हणणारी धवलारीण बसल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. पुरुषानं डोक्यावर पदर घेऊन धवला म्हणायचा म्हणजे वर्षभर बाजारात तोंड दाखवायला नको.

"लागली," मी म्हणालो.

भाऊ हसले नाहीत. "लागली," म्हणाले, आणि त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

त्यांचं काय अडलं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची थोरली बहीण सोनुबाई या पट्ट्यातली धवलारीण. कळंबपासून पळसदरीपर्यंत लोक तिला गाडी पाठवून न्यायचे. नवरा गेल्यावर भावाकडे राहिली, भाऊंच्या लेकीला, अपेक्षाला, तिनंच वाढवलं. छातीचं दुखणं बळावलं तेव्हा तिनं भाऊंना कॉम्प्युटरला माईक लावायला सांगितलं आणि अपेक्षाच्या हळदीचा धवला आधीच म्हणून ठेवला. नवरीचं नाव घालून. तेव्हा अपेक्षाचं लग्न ठरलंसुद्धा नव्हतं. मग सोनुबाई गेली.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या वेळी भाऊंच्या खिडकीतून तो धवला यायचा. आम्हा शेजाऱ्यांना सूर पाठ झाला, तिचा मधला खोकला पाठ झाला, खोकल्यानंतरचं "पानी दे गं अपेक्षा" पाठ झालं. मी एकदा भाऊंना म्हणालोही होतो, अहो, एखाद्या दिवशी हिला सुट्टी द्या.

आणि आता हळद चार दिवसांवर.

"कॉपी केली असंल की," मी म्हणालो.

"कुनाकडं?"

"कुनाकडं म्हंजे? मोबाइलात. पेनड्राइवात."

"आनि तू ती उचलून बेंजोवाल्याला दिलीस तर? आक्का बोललेली, धवला असा फुकटात वाजाया लागला तर मांडवात बसाया कोन येनार."

भाऊंचा स्वभावच तो. जन्मभर विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरले. दारात पाऊल टाकलं की आधी छपराकडे बघायचे, कुठून चोरून वायर टाकलीय का. लोक चहा द्यायचे तर हे कपात बघायचे. रिटायर झाले, पण डोळा अजून छपरावर.

मी डबा उघडायला बसलो तर त्यांनी मला आधी खिसे उलटे करायला लावले.

"बाह्या पन वर कर."

"भाऊ, मी काय जादूगार हाय?"

"तू कोन हायस ते मला माहीत हाय."

बाजूचा पत्रा काढला. आत धुळीची गादी. फुंकर मारली तर भाऊंच्या मिश्या पांढऱ्या झाल्या. वायरी काढून परत बसवल्या. मेमरीची पट्टी काढली, तिचं पितळी तोंड खोडरबरानं घासलं. आणि मग पंख्याच्या पात्यात बोट घातलं तर हाताला काय लागलं? तांदूळ. पिवळा झालेला, कुंकू लागलेला.

"विमलबाय, साक्षीला या," मी म्हणालो. "भाऊ, हे कोनाचं?"

भाऊ मिशीवरची धूळ झाडायला लागले. दर दसऱ्याला त्यांच्याकडे कोयता, विळी, स्कूटर आणि कॉम्प्युटर एका रांगेत पुजले जातात. हार, गंध, आणि वरून मूठभर अक्षता. वरच्या जाळीतून त्या थेट आत. डब्यात अर्ध्या भाकरीचं पीठ निघालं असतं.

"भाऊ, लुगडं कुठल्या रंगाचं पायजे?" विमलबाईंनी विचारलं.

भाऊ चक्क हसले. तांदूळ वेचून काढला, पंखा बोटानं फिरवला, मस्त फिरला. त्यांनी देवाला हात जोडून बटण दाबलं. पंखा गुपचूप चालला.

आणि त्याच्या मागून, टक. टक. टक.

आता आवाज जास्तच स्वच्छ येत होता. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक आतल्या हार्ड डिस्कवर टेकवलं, मुठीला कान लावला. आत कुणीतरी नखानं दार वाजवत होतं. माझं हसू गेलं. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या देवेशला फोन लावला, स्पीकरवर.

"टकटक डिस्कमधूनच येतेय ना?" देवेश म्हणाला. "मग आधी बंद करा. परत चालू करू नका. आत सुई फिरते, प्रत्येक वेळी खरवडत असंल. तसाच माझ्याकडं आना."

"ऐकलंत?" मी म्हणालो. "बटन सोडा."

भाऊंचे डोळे बारीक झाले. "चालू का नाय करायचा?"

"आत्ता तो बोलला की."

"तुमचं दोघांचं ठरलेलं दिसतंय. चालू केला तर काय निघंल, सांग. तू काय लपवलंयस?"

"भाऊ, देवाशपथ."

"मॉनिटर उलटा झाला तवापन देवाशपथ बोललास."

मी जन्मात कुणाला एवढं गयावया करून खरं सांगितलं नसेल. विमलबाईंनाही माझा चेहरा बघून वाटलं की मी थापा मारतोय. त्या म्हणाल्या, "पैज हरंल म्हनून घाबरला बग कसा."

भाऊंनी बटण दाबलं. मी घरी गेलो तरी भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. एक बीप, मग टकटक. बंद. परत बीप. संध्याकाळभर ते चालू होतं. मी बायकोला टीव्ही मोठा करायला सांगितला. सकाळी चहाच्या वेळी पुन्हा बीप आली, पण तिच्या मागून टकटक नव्हती. खरखर होती, गिरणीत खडा आल्यासारखी.

मग भाऊ स्वतः दारात आले. डिस्क फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेली.

"चल देवेशकडं. पन मी समोर बसनार. ह्यातलं कायबी बदललं तर मला कलंल."

देवेशच्या दुकानात भाऊ स्टुलावर बसले ते त्याच्या हातावर नजर ठेवून. त्यानं डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. खरखर. पडद्यावर डिस्कचं नावसुद्धा येईना. त्यानं लगेच वायर काढली.

"काका, हिचं वयच झालंय," त्यानं डिस्कवरचं स्टिकर दाखवलं. "बघा, कधी बनलीय. आनि आता आत खरवडलीय. मुंबईला पाठवतात लोक, पन हिच्यातून काय येईल असं मला वाटत नाय."

"ह्याच्या पेनड्राइवनं झालं?"

मी पेनड्राइव्ह काढून दिली. देवेशनं तपासली. पडद्यावर मेव्हण्याचं पोर पाळण्यात बोंबलत होतं. फोटो एके फोटो.

"पेनड्राइवनं टकटक होत नाय काका. ह्यात कोनाचा हात नाय."

भाऊंनी त्या बोंबलत्या पोराकडे बघितलं. मग विचारलं, "काल संध्याकाळी बंद ठेवली असती तर?"

देवेशनं माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या छपराकडे.

"सांगता येत नाय काका," तो म्हणाला.

येताना रिक्षात भाऊंनी डिस्क परत फडक्यात गुंडाळली. घर आल्यावर मी म्हणालो, "भाऊ, पैजेचं राहू द्या. मी विमलबायला सांगतो."

"आता ह्यात काय डाव हाय तुझा?"

"डाव नाय."

"मग कशाला सोडतोस? हरलो मी. मीटरवर आकडा आला की आला."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात गर्दी होती. पैजेची बातमी मी आधीच बाजारभर केली होती, त्यामुळे बिनबोलावलेलेही आले होते. बेंजोवाल्याला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, भाऊंनी तोंड उघडलं की असा ठेका टाक की मांडव नाचला पाहिजे. आता त्याच्याकडे बघून मी हातानं खूण केली, नको. तो समजला मी अजून जोरात म्हणतोय, आणि त्यानं ताशाच्या काठ्या उचलल्या. मी जाऊन त्याच्या समोरच उभा राहिलो.

भाऊ बायकांच्या घोळक्यात गेले. विमलबाईंनी त्यांच्या डोक्यावर हिरवं लुगडं टाकलं. पोरींनी फोन वर केले, मागून कुणीतरी शिट्टी मारली. पाटावर बसलेली अपेक्षा पिवळीधमक, तिलाही हसू आवरेना.

भाऊंनी पदर पुढे ओढला, तोंड दिसेनासं झालं. आणि पदराच्या आतून आवाज आला. पुरुषी, घोगरा, पण सूर तोच. उचलायची जागा तीच, लांबवायची जागा तीच.

"हलद दलली गं जात्याला आला वास,
मांडवाच्या दारी अपेक्षा बसली खास.
हलद लावता गं हाताला आलं पानी,
कालची परकरातली आज पाटावरची रानी."

पहिल्या ओळीला लोक हसले. दुसरीला हसू पांगलं. तिसरीला विमलबाईंनी खालच्या आवाजात साथ धरली, मग बाकीच्या म्हाताऱ्यांनी. कडव्यामागून कडवं येत होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. फोन वर होते तसेच राहिले, पण धरणाऱ्या पोरी फोनमध्ये बघत नव्हत्या.

मधल्या एका कडव्याशी भाऊ थांबले. खोकले. सोनुबाई तिथंच खोकायची. सूर धरून बसलेल्या बायकाही थांबल्या.

"पानी दे गं अपेक्षा," पदराआडून आवाज आला.

हळद लागलेली नवरी पाटावरून उठत नाही. अपेक्षा उठली. कोपऱ्यातल्या पिंपातून तिनं पेला भरला, भाऊंच्या पदराच्या आत धरला. भाऊंनी तो घेतला, निम्मं पाणी प्याले, आणि खाली ठेवून पुढचं कडवं उचललं.

पेल्यावर तिची चार पिवळी बोटं उमटली होती. आवरताना विमलबाईंनी सगळी भांडी घासायला नेली, तो पेला तेवढा राहू दिला.