कॉफीला गेलेलं मत

अधिवेशनाच्या दिवसांत आमदार व्हर्ना टॅकेट सकाळी साडेपाचलाच हार्लन स्टिडमच्या स्वयंपाकघरात हजर असे. हार्लनही आमदार, शेजारच्या मतदारसंघाचा. त्याची बायको ओपल गरम पाव आणि सॉसेजचा रस्सा वाढायची, आणि मग दोघे त्याच्या ट्रकमधून राजधानीला निघायचे. त्या मंगळवारी ओपल गप्प होती. गुडघे दुखत असतील, असं व्हर्नाने मानलं.

व्हर्नाचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. आमच्या राज्यात आईने किंवा बापाने सही केली की पोरीला उजवता येतं, आणि तिच्या आईने ती केली. नवरा एकोणतीस वर्षांचा होता. पंचविशीत ती चार लेकरं घेऊन त्याच्या घरातून निघाली, शाळेची बस चालवू लागली, रात्रशाळेत शिकली. तिला निवडणुकीला उभं केलं हार्लनने. तोच तिच्याबरोबर दारोदार फिरला. ती चारदा निवडून आली. तिच्या खटपटीने रस्ते झाले, दवाखाना आला. पण तिला मनापासून हवा होता एकच कायदा : अठराच्या आत लग्न नाही, सही कुणाचीही असो. दोनदा तो पडला. आमच्याकडे पाचव्यांदा उभं राहता येत नाही, म्हणजे ही शेवटची संधी. समितीच्या सात मतांपैकी चार पक्की होती आणि चौथं हार्लनचं होतं.

समितीचा चिटणीस मतासाठी नावं पुकारू लागला आणि हार्लन उठून बाहेर गेला. याला आमच्या विधानभवनात 'फेरी मारणं' म्हणतात. माणूस कॉफीला जातो, नोंदीत ना होकार ना नकार, आणि घरी जाऊन सगळ्यांना तोंड दाखवायला मोकळा. मतं तीनास तीन पडली. बरोबरीत विधेयक मेलं. मग हार्लन परतला, हातात दोन कप घेऊन. एक व्हर्नासाठी होता.

 परतीच्या वाटेवर, तासाभराने, हार्लननेच सांगितलं. त्याची सोळा वर्षांची नात डार्सी पोटुशी आहे, मुलगा सत्तावीसचा, शनिवारी चर्चमध्ये लग्न. लग्न झालं नाही तर अल्पवयीन पोरीला हात लावला म्हणून तो पोरगा तुरुंगात जाईल.

"मंगळवारी त्याला गुन्हा म्हणायचं आणि शनिवारी आशीर्वाद द्यायचा, हे मला कसं जमणार, व्हर्ना?"

"मग शनिवार मोडायचा होतात. माझा मंगळवार कशाला मोडलात?"

 चौदा वर्षं ज्याला ती थोरला भाऊ मानत आली, त्या माणसाची तिला किळस आली.

घर आल्यावर ती आपल्या गाडीकडे न जाता थेट आत शिरली. स्वयंपाकघरात डार्सी स्टुलावर उभी होती, अंगात पांढरा झगा, आणि ओपल खाली बसून त्याच्या घेराला टाचण्या लावत होती.

"तुला जायचंय का त्या घरी?" व्हर्नाने विचारलं.

पोर गोंधळली. "आजोबा म्हणाले, व्हर्नामावशीचंही पंधराव्या वर्षीच झालं, तिचं काय वाईट झालं? आमदार झाली की."

व्हर्ना खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. तिचं अख्खं आयुष्य त्याने या पोरीच्या गळ्यात दावं म्हणून बांधलं होतं. मग तिने सांगितलं, भाषणात कधीच न सांगितलेलं सगळं. पहिली रात्र. मोडलेलं मनगट. सतराव्या वर्षी पोलिसांकडे गेली, तर त्यांनी नवऱ्यालाच बोलावून घेतलं. निवाऱ्यात गेली, तर अल्पवयीन म्हणून परत पाठवलं. घटस्फोटासाठी वकील करायला गेली, तर तेवढ्यासाठी ती लहान होती.

 डार्सी म्हणाली, "हे तुम्ही तिथं का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं. वाटलं, मतं पुरेशी आहेत, कशाला उगाळायचं."

"उद्या सांगाल?"

"सांगेन. भर सभागृहात, नवऱ्याच्या नावासकट."

डार्सीने पोटावरून एकदा हात फिरवला. "आजी, मागची चेन काढ."

ओपल गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने चेन खाली ओढली. दारात हार्लन काहीतरी बोलू लागला होता. ओपलने त्याला तिथेच थांबवलं. "तुम्ही मत दिलंय सकाळीच, कॉफीला जाऊन."