झाकीला दिलेली बॅटरी

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. रमाबाईंच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे पडून असते. माझ्या पंख्यात तलावातलं गवत अजून अडकलेलं आहे. ते काढायला कुणाचा हात धजत नाही.

इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मी बॅटरीवर सुताची गाडी ओढायची. मग देशात नवे वारे आले, बाजार नव्या कापडाने भरले आणि आमच्या फाटकाला कुलूप लागलं. मी भंगारातच जायची, पण रमाबाईंचे यजमान, फिटर पंढरीनाथ, यांनी मला उचललं. लांब दांडा जोडला, टोकाला पंखा बसवला आणि शहराबाहेरच्या तलावात एका छोट्या नावेच्या पाठीला मला अडकवलं. सुटीला लोक फिरायला येत. "क्या बात है भिया, आवाजच नाही हिचा!" असं कुणी म्हटलं की पंढरीनाथांची छाती फुगायची. मीही तोऱ्यात असायची. त्यांच्या घरची चूल माझ्यावर पेटत होती, मग तोरा नको?

अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात, हे इंदुरात पोरासोरांनाही ठाऊक. मिल बंद म्हणून काय झाकी बंद ठेवायची? कामगारांनी पोटाला चिमटा काढून ती उभी केली. पंढरीनाथांनी दिव्यांसाठी माझी बॅटरी दिली, कमानीला आधार म्हणून नावेची दोन्ही वल्हीही दिली. रात्रभर झाकी झगमगत कृष्णपुऱ्यावरून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या माणसांना वाटलं, आपण अजून आहोत.

सकाळी मिलचा गणपती नावेत ठेवला. बॅटरी चार्ज न करता तशीच आणून मला जोडली. वल्ही कमानीलाच बांधलेली राहिली.

"अहो, आधी वल्ही आणा," रमाबाई म्हणाल्या.

"बाप्पाला ताटकळत ठेवू का? मोटर आहे ना! बस, गया और आया."

तलाव काठोकाठ भरला होता, सांडव्यावरून पाणी कोसळत होतं. विसर्जन झालं आणि परतताना बॅटरी संपली. वाऱ्याने नाव सांडव्याकडे निघाली. पंढरीनाथ हातांनी पाणी मारत होते आणि मला विनवत होते, "चल गं बाई, थोडंसंच. चल ना." मला फिरायचं होतं हो! पण अंगात वीजच नव्हती. नाव सांडव्यावरून उलटली. मी आणि बॅटरी खालच्या खडकांत सापडलो. पंढरीनाथ दुसऱ्या दिवशी सापडले.

"मोटरने दगा दिला," सगळे म्हणाले. झाकीचं नाव कुणीच काढलं नाही. कसं काढणार? तेवढाच एक आनंद त्यांच्याकडे उरला होता.

पुढच्या वर्षी मिलचे जुने मुकादम बाबूराव दारात आले. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, झाकीसाठी बॅटरी मिळेल का?"

रमाबाईंनी टाकीमागून बॅटरी ओढून दारात आणली. मग म्हणाल्या, "घेऊन जा भाऊ. परत करायची घाई नाही आता."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना दमलो असं सांगता येत नाही. म्हणून पाण्यात जाण्याआधी आमच्यात किती जीव उरलाय ते बघा, वल्ही नावेतच असू द्या. आणि थांबलेल्या यंत्राला बोल लावण्याआधी एवढं विचारा, की त्याची वीज गेली कुठे?