कागदात न्हाई

‘लेखकाच्या मते’ हे दोन शब्द दिसले की माझं डोकं फिरायचं. लेखकाचं मत मला काय करायचंय? मला खरं काय ते पाहिजे होतं.

पण कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठाची प्रवेश परीक्षा अख्खी उताऱ्यांचीच असते. इंग्रजीतला लांबलचक उतारा, त्याखाली प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पाठांतराला तिथं कुत्रं विचारत नाही. घरातून मला एकाच वर्षाची मुभा होती. जमलं तर जमलं, नाहीतर गावाजवळच्या कॉलेजात बीए. आणि मला वकीलच व्हायचं होतं. आमच्या वसाहतीला आजवर जो जो वकील मिळाला तो पुढची तारीख सांगून गेला आणि परत काही दिसला नाही.

आमची वसाहत धरणग्रस्तांची. मूळ गाव मेढ्याच्या वर, जावळीच्या डोंगरात. ते आता पाण्याखाली आहे आणि आम्ही इकडे आष्ट्याजवळच्या माळावर. माझा जन्म इथलाच, पण गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा मला माहीत आहे, इतक्यांदा तो ऐकलाय.

सांगलीच्या क्लासमध्ये सराव परीक्षेला नेमका धरणाचाच उतारा आला. कुणा निवृत्त इंजिनिअरचा लेख होता. धरणानं वीज दिली, रानं भिजवली, आणि ज्यांची गावं गेली त्यांना बागायती जमीन, रस्ता, शाळा मिळाली. ते आज पूर्वीपेक्षा सुखात आहेत, असं तो म्हणत होता. वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली प्रश्न होता, ‘लेखकाच्या मते विस्थापितांचं पुनर्वसन कसं झालं?’ मी ‘अन्यायकारक’ या पर्यायाचा गोल असा दाबून काळा केला की कागद फाटायचाच बाकी राहिला.

मानसिंग सरांनी माझा पेपर सगळ्या वर्गासमोर धरला. क्लास त्यांचाच, त्यामुळे पाणउतारा करायलाही त्यांना कुणाला विचारावं लागत नसे.

‘क्रांती, हा उतारा वाचून हे उत्तर आलं कुठून?’

‘तो खोटं लिहितोय, सर.’

‘उत्तर उताऱ्यातून द्यायचं असतं. तुझ्या घरातून नाही.’

वर्ग खदाखदा हसला. सरांनी पेपर माझ्या बाकावर टाकला. ‘हे बघ, रागानं वाचणाऱ्यांना हे जमत नसतं. मी खूप पोरं पाहिली आहेत. उगाच वर्ष घालवू नकोस, बीएचा फॉर्म भर.’

एसटीत खिडकीशी बसून मी आष्ट्यापर्यंत धुमसत होते. सर चूक असते तर एवढं लागलं नसतं. ते अर्धे बरोबर होते, तेच मला सहन होत नव्हतं. पण राग सोडायचा म्हणजे काय? तो काय शेजाऱ्याकडून आणलेला आहे, परत देऊन टाकायला?

घरी बनूआत्या गिरणीतून येऊन पिठाचे हात धूत होती. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. गाव उठलं तेव्हा ती चौथीत होती आणि वसाहतीच्या कमिटीत आज तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती सरांना शिव्या घालील.

‘सर बराबर बोलला,’ ती म्हणाली. ‘आगं, तू त्या लिवनाऱ्याचं ऐकूनच घेतलं न्हाईस. उद्या सरकार बसवू.’

सरकार बसवणं ही आमच्या वसाहतीची जुनी रीत आहे. एखादी नोटीस आली की समाजमंदिरात सगळे जमतात. कुणीतरी ती अथपासून इतिपर्यंत वाचतो, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. मग एकाला खुर्चीत बसवतात. तो सरकार. लोकांनी त्याला हवं ते विचारावं, त्यानं सरकारच्या बाजूनं उत्तर द्यावं, पण कागदात असेल तेवढंच. पदरचं काही घातलं की सगळे ओरडतात, ‘कागदात न्हाई!’ या रीतीमुळेच आमची माणसं कलेक्टर कचेरीत गडबडत नाहीत. लहानपणी मला तो नुसता खेळ वाटायचा.

रविवारी सकाळी मी त्या इंजिनिअरच्या जागी खुर्चीत बसले. आधी उतारा मराठीत सांगितला. ‘सुखात आहेत’ या वाक्यापाशी आले. समोर सगळी ओळखीची तोंडं होती आणि मला त्यांना, त्यांच्याच तोंडावर, सुखी म्हणायचं होतं. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुळाकाकानं सुरुवात केली. ‘आवं सायेब, बागायती जमीन दिली म्हंता. ती कंची?’

‘बागायती जमीन दिली, असं मी म्हटलंय. कुठली ते मी लिहिलेलं नाही.’

‘निसता मुरूम हाय तिथं! कुसळ उगवत न्हाई!’

‘ते माझ्या लेखात नाही.’

लोक खवळले, पण उत्तर कागदातलंच म्हणून माना डोलवत होते. मला ते बघवेना. मी म्हणाले, ‘तुमचं दुःख मला कळतं हो...’

‘कागदात न्हाई!’ आत्यानं हात आपटला. ‘त्यो कुटं म्हंतोय त्याला तुमचं दुक कळतंय? उगा त्याला चांगला करू नगंस. आन् वाईट बी करू नगंस. हाय तसा बसव.’

मग दादासोतात्या उठले. गाव सोडताना घराचं दार खांद्यावर घेऊन निघालेला हा माणूस. फार बोलत नाहीत.

‘सायेब,’ ते म्हणाले, ‘गाव सोडताना आमास्नी इचारलं हुतं का?’

मी उतारा परत वरून खाली वाचला. वीज होती, भिजलेली रानं होती, रस्ता होता. विचारलं, असं कुठंच नव्हतं. विचारलं नाही, असंही नव्हतं.

‘कागदात न्हाई,’ मी म्हणाले.

‘आता घावलं,’ आत्या हळूच म्हणाली. ‘त्यानं काय सांगितलं त्ये एका बाजूला. काय सांगितलं न्हाई त्ये दुसऱ्या बाजूला. तुजं त्या दोनीत मिसळू नगंस. तुजं निराळं ठिव, ते पुढं कोर्टात लागंल.’

त्यानंतर परीक्षेपर्यंत मी रोज कुणी ना कुणी झाले. कधी अग्रलेखाचा संपादक, कधी साखर कारखान्याचा अध्यक्ष, एकदा तर खताच्या जाहिरातीतला माणूस. वसाहतीनं मला सोलून काढलं. ज्याचं म्हणणं जितकं नावडतं, तितकं ते मी नीट ऐकून घ्यायला लागले. राग तसाच होता. फक्त तो मी खुर्चीच्या बाहेर उभा करत होते.

परीक्षेत झोपडपट्ट्या हटवाव्यात असा एक उतारा होता. मी मनातल्या मनात लेखकाला खुर्ची दिली, त्याचं सगळं ऐकलं आणि ‘लेखकाच्या मते’च्या पुढं त्याला पाहिजे तेच उत्तर काळं केलं. पुढचा प्रश्न होता, या युक्तिवादातली उणीव कोणती? तिथं मात्र माझा हात जरा जोरातच चालला.

मला प्रवेश मिळाला. वसाहतीत पेढे वाटले आणि सांगलीत क्लासच्या जिन्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, ‘मानसिंग सरांच्या मार्गदर्शनाचे फळ’. सरांचा फोन आला, नव्या बॅचला दोन शब्द सांग. मी गेले. जाताना धरणाचा उतारा पर्समध्ये टाकला.

‘बघा,’ सर पोरांना म्हणाले, ‘हिनं राग सोडला आणि जमलं.’

‘सोडला नाही, सर,’ मी म्हणाले आणि त्यांची खुर्ची ओढून फळ्यासमोर ठेवली. ‘बसा. आज तुम्ही हे इंजिनिअर. मी धरणग्रस्त.’

पोरांना गंमत वाटली. सरही हसत बसले. मी उतारा त्यांच्या हातात दिला.

‘साहेब, गाव सोडताना आम्हाला विचारलं होतं का?’

‘विचारलं होतं की! एवढा मोठा प्रकल्प, लोकांना विचारल्याशिवाय कसा...’

‘कागदात न्हाई.’ मी आमच्या समाजमंदिरातल्या आवाजात ओरडले.

सरांचं हसू मावळलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘उत्तर उताऱ्यातून द्यायचं असतं, सर,’ मी म्हणाले. ‘तुमच्या घरातून नाही.’

यावेळी वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा चढवला आणि उतारा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.