काचेकडे पाठ

सकाळी साडेदहाला कान तपासणाऱ्या बाईंनी वार्षिक तपासणीचा गठ्ठा कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे परत पाठवला. एकाही रिपोर्टवर सही नव्हती. गठ्ठ्यात बाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाचाही रिपोर्ट होता.

कारखाना पत्र्याचे डबे करायचा. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस सुरू झाल्या की आवारातल्या दवाखान्याची तावदानं थरथरत. गाव कारखान्याला चिकटूनच वाढलेलं. इथल्या घरातली कुजबुज अंगणापर्यंत पोचायची, आणि पोचूनही कुणाला ऐकू जायची नाही. ऐकणं म्हणजे समोरच्याच्या ओठांकडे बघणं, हे पोरं चालायच्या आधी शिकत. ओठ दिसले नाहीत तर मान डोलवायची. "काय म्हणालात?" असं दुसऱ्यांदा विचारणं हा उद्धटपणा समजला जाई.

जेवणाच्या सुटीत भाऊ तणतणत आला.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं?"

"हळू बोल."

"हळूच बोलतोय!"

बाहेर बाकावर बसलेल्या दोघांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

"माझा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग कर की सही."

"हा कानांचा रिपोर्ट नाहीये, डोळ्यांचा आहे." बाईंनी तपासणीच्या काचेच्या खोलीकडे बोट केलं. आतली खुर्ची काचेकडे तोंड करून होती. "मी सुराचं बटण दाबते तेव्हा माझा खांदा हलतो. तो हलला की तू बोट वर करतोस. सगळेच करतात."

"मग? यंत्राला काय कळतंय?"

"आणि एवढं करूनही जे आकडे येतात, ते भिंतीवरच्या तक्त्यात 'वयोमानानुसार नॉर्मल' म्हणून बसतात. परवा तुझं बाळ रडून निळं झालं, तू पलीकडच्या खोलीत जागा होतास. तुझी बायको विहिरीवरून धावत आली."

"तिला धावायला निमित्तच लागतं."

"तुला ऐकू आलं होतं?"

भावाने मान डोलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

"हे बघ ताई," तो खरंच हळू आवाजात म्हणाला, "कमी ऐकू येतं असं लिहिलंस तर मला प्रेसवरून काढतील. हातात झाडू देतील."

"आणि नॉर्मल लिहिलं तर जे उरलंय तेही जाईल. कानांना झाकणं द्या म्हणून मी कारखान्याच्या मागे लागलेय. ते म्हणतात, कशाला? गाव तर ठणठणीत आहे. आधी तो तक्ता बदलायला हवा."

तक्ता केला होता दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. परक्या लोकांच्या कानांची मापं आपल्या माणसांना का लावायची, हा डॉक्टरांचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांनी गावातली निरोगी माणसं गोळा करून मोजमाप केलं. निरोगी कोण? तर ज्याची तक्रार नाही आणि जो कामावर हजर आहे तो. एकही आकडा खोटा नव्हता. फक्त मोजलेला प्रत्येक कान प्रेसच्या आवाजात मुरलेला होता. त्या कानांच्या सरासरीला नॉर्मल हे नाव पडलं. बिघाड वाढत गेला, त्याला वयोमान म्हणाले. नंतर तो तक्ता चौकटीत बसून भिंतीवर गेला, आणि भिंतीवरच्या गोष्टीला कोण विचारतो?

बाईंनी विचारलं. वर्षभर सुटीच्या दिवशी यंत्र घेऊन त्या नदीच्या वरच्या अंगाला, बागवानांच्या वस्तीत जात राहिल्या. तिथल्या सुरकुतलेल्या आज्यांना जे बारीक सूर ऐकू येत, ते इथल्या लग्नाच्या वयाच्या पोरांना येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. टेबलाभोवती व्यवस्थापक, मोठे डॉक्टर, आणि संघटनेचे चिटणीस, ज्यांना सगळा कारखाना 'भोंगा' म्हणायचा. कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला नुकताच बाहेरून बदलून आलेला लेखनिक. बाईंनी वस्तीतले आकडे मांडले.

"ती बागेतली माणसं," व्यवस्थापक म्हणाले. "त्यांचं हवापाणी वेगळं. ती आपल्याला कशी लागू होतील?"

"अगदी!" भोंगा गरजला. "बाई, आमची माणसं बहिरी ठरवून तुमच्या पदरात काय पडणार? उद्या अर्धी घरी बसतील." एरवी या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आज मात्र एकमत होतं.

"कानाला झाकणं मिळाली तर कुणी घरी बसणार नाही," बाई म्हणाल्या.

मोठे डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, "पोरी, बहुतेकांचं जे असतं ते नॉर्मल. तुला मीच शिकवलंय."

"सर, बहुतेकांचे पाय मोडले तर लंगडणं नॉर्मल होईल का?"

"लंगडणं दिसतं तरी," व्यवस्थापक हसले. "इथे आमचं कुठं काय अडलंय? तुम्ही बोलताय, आम्ही ऐकतोय."

बाईंनी समोरची फाइल उचलून ओठांपुढे धरली. वस्तीत बोलायच्या तशा साध्या आवाजात त्या एक वाक्य बोलल्या.

व्यवस्थापकांनी मान डोलावली. मोठ्या डॉक्टरांनी डोलावली. भोंग्याने तर दोनदा.

लेखनिकाला ठसका लागला. "बाई, हे... लिहायचं का?"

"लिहा. आणि मोठ्याने वाचा."

तो उभा राहून ओरडला, "'मी आत्ता काय बोलतेय ते या टेबलाशी बसलेल्या कुणालाही ऐकू येत नाहीये.' सर्वांची संमती."

भोंगा आधी हसला, मग लेखनिकाच्या वहीत डोकावला. व्यवस्थापकांचे कान, जसे होते तसे, लाल झाले. "हा काय गारुड्याचा खेळ आहे? याला पुरावा म्हणत नाहीत! काढून टाका ते." लेखनिकाने वाक्यावर रेघ मारली.

"काढा," बाई म्हणाल्या. "पण नॉर्मल लिहून त्या रिपोर्टांवर मी सही करणार नाही. दुसरी तपासनीस आणलीत तर तिलाही हे सगळं सांगेन."

मोठे डॉक्टर फाइलकडे पाहत होते. "पुन्हा बोल," ते म्हणाले. "तेवढ्याच आवाजात."

बाई फाइलीआडून पुन्हा बोलल्या. या वेळी डॉक्टरांनी मान डोलावली नाही.

"मी तर प्रेसवर एक दिवसही काम केलं नाही," ते म्हणाले.

"तुमची खिडकी प्रेसकडेच उघडायची, सर."

रविवारी प्रेस बंद असताना मोठे डॉक्टर एकटेच दवाखान्यात आले. बाईंनी खुर्ची फिरवून तिची पाठ काचेकडे केली होती. ते क्षणभर दारातच थबकले. "ही खुर्ची मीच तशी ठेवली होती. माणसाला समोर कुणीतरी दिसावं, भीती वाटू नये म्हणून." मग ते काचेकडे पाठ करून बसले. तपासणी नेहमीपेक्षा लांबली. जुन्या तक्त्याप्रमाणे त्यांचे कान उत्तम निघाले. वस्तीच्या आकड्यांप्रमाणे निघाले नाहीत. दोन्ही निष्कर्ष बाईंनी एकाच कागदावर लिहिले. कोणता तक्ता लागू, ती जागा मोकळी सोडली. त्या जागी सही करायचा अधिकार एकट्या मोठ्या डॉक्टरांचा होता. ते कागद घेऊन घरी गेले.

"त्यांची झाली, तर आता माझी," दारातून आवाज आला. भाऊ होता. "पण सांगून ठेवतो, झाडू मी धरणार नाही."

"झाडू नाही. कानांना झाकणं. त्यासाठीच चाललंय सगळं. बस."

तो बसला. सवयीने मान वळवून काचेकडे बघू लागला.

"पुढे बघ."

सोमवारी दुपारपर्यंत मोठ्या डॉक्टरांकडून कागद परत आलेला नव्हता. बिनसहीचा गठ्ठा व्यवस्थापकांच्या टेबलावर होता आणि तक्ता भिंतीवर. दवाखान्याबाहेर फेरतपासणीसाठी प्रेसवरचे काही जण येऊन बसले होते, त्यांत एक जण भोंग्याचा जावई होता.