बँड टीव्हीवर दाखवत नाहीत

अनयाची युनिव्हर्सिटीच्या मार्चिंग बँडमध्ये निवड झाली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हरखले ते तिचे आजोबा. चंद्रशेखर मूळचे साताऱ्याचे. पाटबंधारे खात्यातली नोकरी संपवून आणि पाठोपाठ बायकोला स्मशानात पोचवून ते मुलाकडे, सुमंतकडे, अमेरिकेत हर्नडनला येऊन राहिले होते. इथल्या बहुतेक गोष्टींशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण नात ट्रॉम्बोन वाजवते याचं त्यांना भारी कौतुक. ती हायस्कूलमध्ये असताना बेसमेंटमधून तासन्‌तास जे भोंगे ऐकू यायचे, त्यांना सुमंत आणि त्याची बायको इला दोघंही वैतागायची. बाबा मात्र जिन्याच्या पायरीवर उशी टाकून बसायचे आणि वरूनच ओरडायचे, "अनया, ती सरकती पिपाणी मघाशी जास्त चांगली वाजत होती. पुन्हा तसंच घे."

युनिव्हर्सिटी घरापासून चार तासांवर. फुटबॉलच्या मॅचला हाफटाइममध्ये बँड मैदानात उतरतो, तीनेकशे मुलं एका तालात चालतात, वाजवतात. पहिल्या वर्षी ते बघायला जायचं राहूनच गेलं. सप्टेंबरात बाबांना न्यूमोनिया झाला, ऑक्टोबरात इलाच्या ऑफिसात ऑडिट निघालं आणि मग थंडी पडली.

"चार वर्षं आहे ती तिथे," सुमंत म्हणाला होता. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

पुढच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. सुमंतच्या कंपनीचं सरकारी कॉन्ट्रॅक्ट कापलं गेलं आणि मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. उन्हाळ्यात दुसरी मिळाली, पण पगार बराच खाली आला. आणि युनिव्हर्सिटीची टीम, जी वर्षानुवर्षं मार खात आली होती, ती अचानक जिंकायला लागली. नवा कोच आला, नवे खेळाडू आले. ज्या तिकिटांना आधी कुत्रं विचारत नव्हतं, त्यांच्यावर उड्या पडू लागल्या.

ऑक्टोबरातल्या मोठ्या मॅचसाठी सुमंत किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसला आणि आकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"चारशे डॉलर?" इला त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "एका तिकिटाचे?"

"एकाचे. तेही पार वरचं, ढगात. बाबांना तिथवर चढवणार कसं? खालच्यांचे भाव बघ."

इलानं बघितलं आणि नुसता सुस्कारा सोडला. "बँडमधल्या मुलांच्या आईवडलांना काही सवलत नाही?"

"विचारलं मी. पूर्वी द्यायचे म्हणे. आता त्या सीट्ससुद्धा विकतात." त्यानं पार्किंगचं पान उघडलं, मग हॉटेलचं. मॅचच्या वीकेंडला कुणी दोन रात्रींच्या खाली खोली द्यायला तयार नव्हतं.

बाबा बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, कशाला हा खटाटोप? एवढ्या वरून ती मुंगीएवढी दिसणार. त्यापेक्षा टीव्हीवर बघू. नाकातली चमकीसुद्धा दिसेल."

इलाला ते पटलं. सुमंतलाही पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आपल्या गाद्या, आपलं बाथरूम, बाबांची औषधं वेळच्या वेळी. तसाही जुना टीव्ही कुरकुरत होता. त्या आठवड्यात सुमंत भिंतभर टीव्ही घेऊन आला. सेलमध्ये तो तीन तिकिटांपेक्षा स्वस्त पडला, आणि हे त्यानं मित्रांना दोन-तीनदा हसत सांगितलंही.

शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यावर अनयानं दिलेली कॉलेजची टोपी. मॅच सुरू व्हायच्या कितीतरी आधीच ते सोफ्यावर बसले. इलानं बटाटेवडे तळले होते. खेळातलं बाबांना विशेष कळत नव्हतं. माणसं एकमेकांवर पडली की ते "अरे अरे" करायचे आणि कुणी उठेना झालं की सोफ्याच्या कडेवर सरकायचे.

हाफटाइमची शिट्टी झाली. खेळाडू आत पळाले आणि पडद्याच्या कोपऱ्यात, मैदानाच्या कडेला, पांढऱ्या तुऱ्यांच्या टोप्यांची एक रांग क्षणभर दिसली.

"आले!" बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

मग चित्र बदललं. कोट घातलेले तीन जण एका टेबलामागे बसून बोलायला लागले. त्यानंतर ट्रकची जाहिरात आली, इन्शुरन्सची आली, पिझ्झाची आली. पुन्हा ते तिघं.

"दाखवतील आता," बाबा म्हणाले.

सुमंतनं चॅनेल बदलून पाहिले. फोनवर शोधलं. त्याला कळून चुकलं होतं, तरी तो शोधतच राहिला. इला रिकाम्या प्लेट्स उचलून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. जाहिराती संपल्या तेव्हा मैदान मोकळं होतं आणि दोन्ही टीम्स पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

"झालं वाटतं," बाबा हळूच म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

संध्याकाळी अनयाचा फोन आला. तिनं आधी आजोबांनाच फोन द्यायला सांगितलं. सुमंतनं फोन स्पीकरवर टाकला.

"आजोबा, बघितलं तुम्ही?"

"बघितलं तर!" बाबा ताठ बसून म्हणाले. "तिसऱ्या रांगेत होतीस. टोपी जरा तिरकी झाली होती तुझी."

"हो आजोबा," ती म्हणाली. "लूज आहे ती मला. नेक्स्ट टाइम पिन लावते."

बाबा झोपायला गेल्यावर तिनं सुमंतला मेसेज केला आणि मग न राहवून फोनच केला. "डॅड, टीव्हीवर हाफटाइम दाखवत नाहीत. नेव्हर. मला वाटलं तुला माहीत असेल."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"ते किती एक्सायटेड होते, डॅड. मला बोलवेना."

दुसऱ्या दिवशी सुमंतनं कुणीतरी स्टँडमधून काढलेला व्हिडिओ शोधून नव्या टीव्हीवर लावला. चित्र हलत होतं, मधेच कुणाचं तरी डोकं आडवं येत होतं. बाबांनी तो शेवटपर्यंत बघितला.

"छान आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण हे होऊन गेलेलं, सुमंत. ती वाजवत होती तेव्हा आपण इथे वडे खात होतो."

सुमंतनं मनाशी ठरवलं की नोव्हेंबरातल्या शेवटच्या मॅचला बाबांना न्यायचंच. पण टीम हरायचं नाव घेत नव्हती, त्यामुळे तिकिटं आणखी चढली. आणि त्याच सुमारास बाबांचे पाय सुजायला लागले. दोन खोल्या चालले तरी धाप लागे. हृदय थकलंय, रक्त नीट पंप होत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. गोळ्या वाढवल्या आणि मीठ बंद केलं.

मार्ग अनयानंच सुचवला. मॅचच्या आधी बँड म्युझिक बिल्डिंगपासून स्टेडियमपर्यंत रस्त्यानं वाजवत जातो. त्याला तिकीट लागत नाही. कुणीही कडेला उभं राहून बघावं.

"चार तास गाडीत? या तब्येतीत?" इला म्हणाली. "बाबा, तुम्ही तरी सांगा याला."

"मी जाणार आहे," बाबा म्हणाले. मराठी मंडळातल्या शैलजामावशींकडे त्यांच्या यजमानांची व्हीलचेअर पडून होती, ती सुमंत घेऊन आला.

शनिवार उजाडला तो वाऱ्याचा. गाडी लांबच्या एका चर्चच्या आवारात लावावी लागली आणि तिथून सुमंत खुर्ची ढकलत निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटवून बसले होते. मांस भाजल्याचा धूर, गाणी, आरडाओरडा. कानटोपी, त्यावर कॉलेजची टोपी, अंगाभोवती शाल गुंडाळलेला हा म्हातारा दिसला की लोक बाजूला होऊन वाट देत. एका बाईनं तर त्यांना अगदी पुढे, दोरीला लागून जागा करून दिली.

आधी ढोल ऐकू आले. मग वळणावरून तुऱ्यांच्या टोप्या दिसायला लागल्या.

"उठव मला," बाबा म्हणाले.

"बसूनही दिसेल, बाबा."

"उठव म्हणतो ना."

सुमंतनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं. बाबांचं सगळं वजन त्याच्या दंडावर आलं, आणि ते इतकं थोडं होतं की त्याला धक्का बसला. रांगांमागून रांगा जात होत्या. झांजा, बासऱ्या, मग ट्रॉम्बोन. अनया अलीकडच्याच कडेला होती, हात लांबवला तर बाही हाताला लागेल इतक्या अंतरावर. गाल फुगलेले, नजर नाकासमोर.

"अनया!" बाबांनी हाक मारली. ती हाक त्या गदारोळात सुमंतलाच जेमतेम ऐकू आली.

तिनं पाहिलं नाही. रांगेत मान वळवायची नसते, हे सुमंतला ठाऊक होतं. पाच-सहा पावलांत ती पुढे गेली. शेवटचा ढोल दिसेनासा होईपर्यंत बाबा खाली बसले नाहीत.

लोकांचा लोंढा गेटकडे वळला. जो तो फोनवरचं तिकीट दाखवून आत शिरत होता. सुमंतनंही फोन काढला. "बाबा, मी घेतोच तिकिटं. होऊ दे काय खर्च व्हायचा तो."

"अनयाची जानेवारीची फी भरलीस?"

सुमंतनं फोन खाली घेतला.

"मग राहू दे," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कुठेतरी वारा लागणार नाही असं बसू. हाफटाइमला आवाज तर येईल."

स्टेडियमच्या मागच्या बाजूला, सामान उतरवायच्या दारापाशी, भिंतीचा आडोसा होता. तिथे दोघं बसले. आत गर्जना उठायची, विरायची. सुमंतनं थर्मासमधला चहा बाबांना घोटघोट पाजला. त्यांची बोटं गार पडली होती, म्हणून ती आपल्या हातांत धरून ठेवली. बाबांचा हात असा किती वर्षांनी धरला, हे त्याला आठवेना.

हाफटाइम झाला. भिंतीपलीकडे बँड सुरू झाला. बाबांनी डोळे मिटून मान तिरकी केली. सूर काँक्रीटवर आपटून, एकमेकांत मिसळून येत होते. कुठलं वाद्य कुठलं, काही उमगत नव्हतं.

"ट्रॉम्बोन येतोय का ऐकू?" सुमंतनं विचारलं.

बाबा बराच वेळ ऐकत राहिले. "नाही रे," ते म्हणाले. "इथवर नुसते ढोल येतात."

मॅच संपेपर्यंत थांबून अनयाला भेटायचं असं ठरलं होतं. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाबांना धाप लागायला लागली आणि सुमंतनं गाडी काढली. परतीच्या वाटेत तिचा फोन आला.

"दिसलात मला आजोबा! कडेला उभे होतात, ब्लू शाल घेऊन."

"हो ना? दिसलो ना?" बाबांचा चेहरा उजळला. शाल निळीच होती. पण शाल कोणती ते सुमंतनं तिला सकाळीच फोटो पाठवून दाखवलं होतं, आणि ती खरं बोलतेय की नाही हे त्याला कधीच विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीत बाबा गेले. हॉस्पिटलमध्ये चार दिवस होते. अनया आली तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे पोचले होते. तिनं त्यांच्या पायाशी बसून काही सांगितलं, ते सुमंत आणि इला दोघांनीही ऐकलं नाही. ती दोघं मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिली.

सप्टेंबरात नवा सीझन सुरू झाला. तिकिटं मागच्या वर्षीपेक्षाही महाग होती. सुमंतनं एक काढलं. इलाला सांगितलं तेव्हा तिनं किंमत विचारली नाही, फक्त म्हणाली, "जॅकेट घेऊन जा." अनयाला त्यानं कळवलंच नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सीट अगदी वरची होती. हाफटाइम होताच आजूबाजूचे लोक उठून खायला, बाथरूमला पांगले आणि अख्ख्या रांगेत तो एकटा उरला. बँड मैदानात आला. तीनेकशे मुलं, एकसारखे कोट, एकसारख्या टोप्या. ट्रॉम्बोनवाले कुठले ते त्याला कळलं, पण त्यातली आपली कुठली ते कळेना. तो एकेका मुलीवर नजर रोखायचा, तेवढ्यात रांगा फिरायच्या, एकमेकींतून आरपार जायच्या आणि सगळं पुन्हा मिसळून जायचं. शो संपला तरी त्याला अनया सापडली नव्हती.

मॅचनंतर तो म्युझिक बिल्डिंगपाशी जाऊन उभा राहिला. मुलं घोळक्यानं परत येत होती, हसत, टोप्या काखेत मारून. अनया आली ती एकटीच, सगळ्यांच्या मागून. त्याला बघून ती थबकली. ओठांभोवती वाद्याचा लाल वळ उमटला होता.

"डॅड? तू इथे? आत होतास?"

"हो."

तिनं ट्रॉम्बोन खाली ठेवला. चेहरा आधी खुलला आणि मग काहीतरी आठवल्यासारखा मिटत गेला.

"लास्ट इयर यायला हवं होतंस, डॅड," ती म्हणाली. "त्यांना घेऊन. आत."

"हो," सुमंत म्हणाला.

ती पुढे आली आणि कडक कोटासकट त्याला बिलगली. तिच्या कोटाची पितळी बटणं त्याच्या छातीत रुतत होती. दोघं तशीच उभी राहिली. मग आतून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. कोट, टोप्या, वाद्यं, सगळं मोजून परत करायचं होतं. ती डोळे पुसत आत गेली आणि सुमंत ती बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहिला.