वास घमेल्यात येतो

मी एक जुनं तामचिनीचं घमेलं आहे, मित्रांनो. अंग पांढरं, काठ निळा. छावणीच्या बाजारात बद्रीनाथ सरांनी मला उचललं तेव्हा वाटलं, आता कुणाच्या तरी घरी आपल्यात पीठ मळतील. पण सरांनी मला चितेगावच्या शाळेत नेलं आणि साळूबाईच्या हवाली केलं.

साळूबाई प्रयोगशाळेची शिपाई. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन बाकं आणि एक स्पिरिटचा दिवा. तास संपला की मुलं पळायची आणि उष्ट्या परीक्षानळ्या माझ्या वाट्याला यायच्या. साळूबाई माझ्यात पाणी भरायची, मूठभर धुण्याचा सोडा टाकायची आणि गुणगुणत एकेक नळी विसळायची :

काचेची ग नळी, धुते सोड्याच्या पाण्यानं
आवडा माझी लेक, शिकंल आपल्या मनानं

त्या साली अकरावी-बारावी नवीनच निघाली होती. शाळेनं विज्ञानाचा वर्ग मागितला. आवडा दहावी पास झालेली. तिचा बाप मुंजाबा मेंढरं राखायचा. त्यानं घरात साफ सांगितलं होतं, "गावात वर्ग निघाला तर शिक. न्हाय तर मेंढरांमागं चल. शहरात एकटी पोर मी ठिवणार नाय."

वर्ग द्यायचा की नाही, हे ठरवायला शहरातून साहेब आले. सरांनी प्रयोग दाखवायला आवडालाच उभं केलं.

पहिला प्रयोग झकास झाला. अल्कोहोलमध्ये नारिंगी डायक्रोमेट आणि विरल आम्ल घालून तिनं नळी तापवली. नारिंगी रंग बघता बघता हिरवा झाला, जणू पिकलेलं पान उलटं कोवळं होत गेलं. "अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण झालं, साहेब. त्याचं अॅसेटिक आम्ल झालं. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, असतं तेच."

मग दुसरा प्रयोग, एस्टर तयार करण्याचा. अल्कोहोल, अॅसेटिक आम्ल आणि सरांनी मोजून घातलेले तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब. नळी गरम पाण्यात धरली. पुस्तकात लिहिलं होतं, फळासारखा गोड वास येतो. साहेबांनी तळहातानं वास नाकाकडं ओढला आणि नाक मुरडलं.

"हाही सिरकाच. फळ कुठंय, मास्तर?"

सरांनी वास घेतला. सिरकाच. आवडाचा चेहरा उतरला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारातून साळूबाई म्हणाली, "सर, वास नळीत नसतो. वास घमेल्यात येतो."

साहेब हसले. "बाई, तुम्ही केमिस्ट्री कधी शिकलात?"

"शिकले नाय, साहेब. तीन वर्सं धुतलीय."

तिनं मला दोन्ही हातांनी उचलून बाकावर मांडलं. माझ्यात गार पाणी, पाण्यात सोडा. "नळीतलं थोडं थोडं यात वत गं, आवडे."

मी फसफसलो नाही, मित्रांनो, मी गायलो. बुडबुडे काठापर्यंत चढले, विरले, आणि मग पिकल्या फळांच्या टोपलीवरचं फडकं काढावं तसा गोड वास खोलीभर पसरला.

साहेब माझ्यावर वाकले. "असं का झालं?"

सर बोलणार, तोच आवडा म्हणाली, "उरलेलं आम्ल वास दाबून ठेवत होतं, साहेब. सोड्यानं ते मारलं. एस्टर पाण्यात फारसा विरघळत नाही, तो वर आला. म्हणून त्याचा वास मोकळा झाला."

हे पुस्तकात नव्हतं. तिनं ते तिथंच, माझ्याकडं बघता बघता शोधलं. साहेबांनी पुन्हा एकदा वास घेतला आणि वहीत लिहिलं, 'वर्ग द्यावा.'

वर्ग सुरू झाला त्या दिवशी मुंजाबा घोंगडी सावरत आला. "कुठंय गं ते घमेलं?" माझ्यात तोंड घालून त्यानं हुंगलं. "कायच वास नाय."

"रोज कसा येईल? तुमची लेक करील तवा येईल," साळूबाई म्हणाली.

मुंजाबा गालात हसला आणि लेकीच्या अर्जावर अंगठा उमटवला. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या पटावर पहिलं नाव आवडाचं लागलं.

पुढं नळ आला, सिमेंटचा हौद आला, मी बाकाखाली मोडक्या तिवयांजवळ जाऊन बसलो. रुसलो नाही. एवढंच सांगतो : प्रयोग झाला की नळ्या टाकून पळू नका. सरांना विचारून आपल्या हातानं धुवा, आणि धुणाऱ्या माणसाला काय कळलंय ते एकदा ऐका. आणि मला भंगारात घालू नका. टवके उडालेत माझे, पण मी अजून गळत नाही.