बंजारा भरतकामात किती आरसे असतात?

राखीने 'अस्सल बंजारा भरतकाम' हे तीन शब्द अकराव्यांदा लेखात कोंबले आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेचा दिवा पाहिला. नारिंगी. सकाळपासून नारिंगीच. पुण्याच्या कंपनीने दिलेल्या त्या सॉफ्टवेअरला लेख पसंत पडला की दिवा हिरवा व्हायचा, आणि हिरवा झाल्याशिवाय कंपनी लेख पास करत नसे. बरं, वाक्य तरी कसलं होतं ते! 'अस्सल बंजारा भरतकाम घेण्यापूर्वी अस्सल बंजारा भरतकाम कसे ओळखावे हे जाणून घेऊया.' शाळेत असं काही लिहिलं असतं तर गुरुजींनी वही वर्गाबाहेर भिरकावली असती, आणि वहीमागोमाग राखीला.

"आता आणखी कुठं घालू रे बाबा?" ती लॅपटॉपला म्हणाली.

दारात उजेड बघून बसलेली हंसाबाई, तिची आई, हातातली सुई न थांबवता म्हणाली, "काय घालून राह्यली वं?"

"काही नाही, याडी. तू तुयं काम कर."

आर्णीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन राखी तांड्यावर परतली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाजेवर बसायचं, धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवायचा आणि इंटरनेटसाठी लेख पाडायचे, हाच तिचा धंदा. केसगळतीवर लिहिलं, घरकर्जावर लिहिलं, परदेशी कुत्र्यांच्या आहारावर तर चार लेख लिहिले. आयुष्यात तिने कुत्र्याला शिळ्या भाकरीपलीकडे काही घातलं नव्हतं. वाचणाऱ्याला त्यातून काही कळतं की नाही, हे कुणी विचारत नसे. कुणी काही शोधलं की आपलं पान सगळ्यांच्या वर दिसलं पाहिजे, बस. या खेपेला मात्र विषय घरातला आला होता. राखीने तो स्वतःहून मागून घेतला, हौसेने लिहिला, आणि कंपनीतल्या कपिलने तीनदा परत पाठवला.

चौथ्यांदा त्याचा फोन आला.

"राखी, अगं, लेखाखालच्या 'लोक विचारतात' मधला शेवटचा प्रश्न राहिलाय बघ."

शेवटचा प्रश्न होता: बंजारा भरतकामात किती आरसे असतात? लोक असलं काही का विचारतात, आणि विचारायचंच तर एखाद्या बाईला सोडून मोबाईलला कशाला विचारतात, देव जाणे. पण उत्तर काही लांब नव्हतं. ते दारातच बसलं होतं.

"याडी, आरसे किती असतात वं?"

"कायमधी?"

"आपल्या भरतकामात."

"कोणाच्या हातच्या?"

"कोणाच्या म्हंजे? असेच. सगळ्याईच्या."

हंसाबाईने आता सुई कापडात टोचून ठेवली. "सगळ्याईचं मी कसं सांगू? ज्या घरात जितके होते तितके लावले. मायी याडी फुटक्या आरशाचे तुकडे दगडावर घासे अन् लावे. एका घागऱ्याले पंधरा निंगाले, दुसऱ्याले नऊच. माया लग्नात मायी मावशी आपल्या घागऱ्याचे उसवून घेऊन आलती. तिचे कमी झाले, माये वाढले. याची काय गिनती राह्यते?"

राखीने ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. लिहिताना तिला फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच आपण खरं काही लिहितोय असं वाटलं. ते सुख पाच मिनिटं टिकलं.

"हे काय गं?" कपिल फोनवर म्हणाला. "ही गोष्ट झाली. उत्तर कुठाय? सर्चला आकडा लागतो. पहिल्याच ओळीत आकडा, मग कारण. चाळीस शब्द, संपलं."

"पण सर, आकडा नसतोच."

"नसतो कसा? काहीतरी असेलच ना! आणि तासाभरात दे, क्लायंट माझ्या डोक्यावर बसलाय."

राखीचं डोकं सणकलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं, डोळ्यांची नुसती आग होत होती. "आकडा पाह्यजे ना? घे मंग आकडा," असं पुटपुटत तिने टाइप केलं: 'अस्सल बंजारा भरतकामात सात आरसे असतात. हे सात आरसे सात पिढ्यांचे प्रतीक मानले जातात.' सातच का? पाच थोडे वाटले, नऊ जास्त वाटले, एवढंच. पिढ्यांचं कारण तर शब्द कमी पडले म्हणून जोडलं. शेवटचा पूर्णविराम पडला आणि दिवा हिरवागार झाला. कपिलने लगेच अंगठा पाठवला. 'बघ, जमतं की तुला!'

वीसेक दिवसांत ते पान पहिल्या नंबरावर गेलं. प्रश्न विचारला की सगळ्यांच्या वर एक चौकट यायची आणि तिच्यात ठळक अक्षरांत 'सात'. लेखाखाली राखीचं नाव नव्हतं, कुणाचंच नसायचं. तिने आईला दाखवायला मोबाईल हातात घेतला, चौकटीकडे पाहिलं आणि तो पुन्हा कोठीवर ठेवून दिला.

पुढे यवतमाळच्या एका प्रदर्शनात हंसाबाईची कवड्या-आरशांची पिशवी नागपूरच्या वैष्णवीताईंच्या नजरेत भरली. त्यांचं नागपुरात हातकामाच्या वस्तूंचं दुकान. दिवाळीसाठी साठ पिशव्या हव्यात म्हणाल्या. शिवाय प्रत्येक पिशवीला भरणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी लावू म्हणाल्या. हंसाबाईला त्या चिठ्ठीचंच अप्रूप. आजवर तिचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं छापून आलं नव्हतं. कापसाची वेचणी ऐन भरात आलेली, मजुरीला माणूस मिळेना, असल्या दिवसांत तिने घरोघर फिरून पाच बायका वेचणीवरून उठवल्या.

"माल परत आला तं?" शेजारची कौसल्या तेव्हाच म्हणाली होती.

"काहून येईन? पुरा जिम्मा माया," हंसाबाईने सांगून टाकलं होतं.

साठ पिशव्या तयार झाल्या आणि वैष्णवीताई गाडी घेऊन स्वतः तांड्यावर आल्या. भरणाऱ्या बायका जमल्या, चहा झाला. पिशव्या बाजेवर मांडल्या. ताईंनी एक उचलली, तिच्यावरून हात फिरवला, आणि मग बोटाने आरसे मोजायला लागल्या. दुसरी उचलली, मोजली. तिसरी मोजली. राखीने कप तसाच खाली ठेवला.

"मावशी, काम सुंदर आहे हो," ताई म्हणाल्या, "पण हिला अकरा आहेत. हिला नऊ. ही तर तेरा."

"हो. ज्या पिशवीले जसे शोभले तसे लावले."

"तेच तर. माझ्याकडची गिऱ्हाइकं फार चोखंदळ आहेत. घेण्याआधी मोबाईलवर बघतात. अस्सल कामात सातच आरसे असतात ना? सात पिढ्यांचे? मग हे अस्सल म्हणून मी कसं विकू?"

कौसल्या फणकारली. "म्हंजे? आमीच भरलं अन् आमचंच खोटं?"

"नेटवर काहीही लिहितात, ताई," राखी घाईघाईने म्हणाली. "त्याचं काय मनावर घेता?"

"अगं, एका ठिकाणी असतं तर मीही सोडून दिलं असतं. हे बघ." ताईंनी मोबाईल तिच्यापुढे धरला. वरच्या चौकटीत राखीचंच वाक्य होतं. आणि खाली, एकाखाली एक, आणखी चार पानं. चौघांनीही तिचंच उचललेलं. एकाने तर सात पिढ्यांची नावंसुद्धा दिली होती.

ताई वाईट नव्हत्या. सगळ्या पिशव्या तिथंच ठेवून म्हणाल्या, आठ दिवसांनी गाडी पाठवते, तोवर सात करून ठेवा, सगळ्या घेते. नाहीतर माझा नाइलाज आहे.

गाडी वळली तशी राखी घरामागच्या तुरीत शिरली आणि तिने कपिलला फोन लावला.

"सर, ते आरशांचं पान बदलायचंय. सात नसतात."

"वेडी आहेस का? पहिल्या नंबरावरच्या पानाला हात लावायचा नसतो. एक शब्द हलवला आणि पान खाली गेलं तर क्लायंटला काय सांगू?"

"पण ते खोटं आहे!"

"तूच लिहिलंस ना?"

"तुम्ही आकडा मागितला म्हणून!"

"बरं, चिडू नकोस. खोटं आहे याचा पुरावा दे. कुठल्या साईटवर दुसरं काही असेल तर लिंक पाठव, मी क्लायंटशी बोलतो."

"सर, सगळ्यांनी आपलंच उचललंय. लिंक कुठून आणू? माझी आई सांगते ना, आकडा नसतो म्हणून. चाळीस वर्षं झाली तिला भरतकाम करून."

"हो गं, पण तुझी आई कुठल्या साईटवर आहे?"

आपलंच लिहिलेलं आपल्यालाच पुसता येऊ नये, हा कुठला न्याय! राखी तशीच तुरीत उभी राहिली, रागाने एका झाडाची पानं ओरबाडत. मग फोन ठेवला आणि घरात आली.

हंसाबाई बाजेजवळ पोतं टाकून बसली होती. मांडीवर अकरा आरशांची पिशवी, हातात बारकी कात्री. बाकीच्या बायका गेल्या होत्या.

"तू काय करून राह्यली, याडी?"

"सात करतो. दुसरं काय करा लागते? पाच जणीईचा जिम्मा घेतला म्या." तिने मान वर केली नाही. "तू त्या मोबाईलातलं पुरं वाचून दाखव. सातच लिवलं की आणखी काई हाय? कवड्या किती, रंग कोणते, सारं वाच. एकडावच करून टाकतो. पुन्हा त्या बाईनं नाव ठेवाले नको."

"राहू दे ना."

"वाच म्हणतो ना."

राखी समोर बसली. मोबाईलवर पान उघडलं आणि वाचायला लागली. 'अस्सल बंजारा भरतकाम हे आपल्या संस्कृतीचे...' हंसाबाई कान देऊन ऐकत होती. शाळेत पोर फळ्याकडे बघतं तसं लेकीच्या तोंडाकडे बघत होती, मधूनच 'हं' म्हणत होती. चाळीस वर्षं सुई चालवलेली बाई भरतकाम कसं करतात ते शिकत होती. राखीला तिच्याकडे पाहवेना. तिने नजर उंबऱ्याकडे लावली आणि वाचत राहिली, 'हे सात आरसे सात पिढ्यांचे प्रतीक मानले जातात. खरेदी करताना आरसे मोजून घ्यावेत. आरशांच्या कडेने...'

"राखी."

"हं?"

"मोबाईल तं कवाचा बंद पडला तुया."

राखीने हाताकडे पाहिलं. पडदा काळा होता. तिने तो घाईघाईने अंगठ्याने चालू केला, पण आता चालू करून काय उपयोग? बाहेर कुणाची तरी मोटारसायकल तांड्यात शिरली आणि बंद झाली.

"तूनं लिवलं?" हंसाबाईने विचारलं.

राखीने मान हलवली.

"तूनं इचारलं होतं मले. म्या सांगतलं होतं."

"हो. थेच लिवलं होतं आधी." राखीने मोबाईल खाली ठेवला. "त्याईले नाई चाललं. त्याईले आकडाच पाह्यजे होता, याडी. कितीदा परत पाठवलं त्याईनं! मी वैतागली अन् देल्ला ठोकून. मले काय मालूम हे आपल्याच दारात येऊन उभं राहीन?"

हंसाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. राखी त्याचीच वाट बघत होती. पण हंसाबाईने फक्त पोत्यावर थोडी जागा केली.

"आव, बेस," ती घरच्या गोरबोलीत म्हणाली. लहानपणी जेवायला बोलवायची त्याच सुरात.

राखी शेजारी सरकून बसली. हंसाबाईने अकरा आरशांची पिशवी तिच्या मांडीवर पसरली, कात्री तिच्या हातात दिली आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागली.

"याच्यातले चार जास्तीचे हायेत म्हणते थे," ती म्हणाली. "मले तं कवाचे दिसून नाई राह्यले. तूनं लिवलं, तं तुले दिसत असन. काढ."

राखीने पिशवी उजेडाकडे धरली. चारी कोपऱ्यांत एकेक आरसा होता, मधल्या फुलात पाच, आणि बंदांच्या मुळाशी दोन. तिने कात्रीचं टोक कोपऱ्यातल्या आरशाला लावलं, मग फुलातल्या, मग बंदाजवळच्या. पिशवी उलटीसुलटी करून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. तिला जास्तीचा एकही सापडेना.